कॅमेलियाची छाटणी: कात्री कधी लावायची आणि कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भिंतीलगत लावलेला लाल फुलांचा कॅमेलिया आता बारा-तेरा वर्षांचा झाला, खिडकी झाकून वर निघाला, आतून पार उघडा पडला आणि फुलं फक्त शेंड्यांना येतात. गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस तुम्ही तो वरून सपाट कापला, तर या हंगामात फुलं जवळपास आलीच नाहीत. आता पुन्हा कात्री लावावी का, आणि लावली तर किती खोल, हे तुम्हाला विचारायचं आहे.

कात्री जरूर लावा. कॅमेलिया छाटणीने खचणारं झाड नाही. चहाचं झुडूप म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस, याच वंशातलं. मोकळं सोडलं तर त्याचं चांगलं झाड होतं. मळ्यात ते कमरेएवढं राहतं ते सततच्या खुडणीमुळे आणि काही वर्षांच्या अंतराने होणाऱ्या खोल छाटणीमुळे, आणि तरीही अनेक दशकं पानं देत राहतं. शोभेच्या कॅमेलियाच्या जुन्या लाकडातही तीच ताकद आहे. सालीखाली सुप्त डोळे, म्हणजे न फुटलेले अंकुर असतात. वरचा भार उतरला, उजेड पोचला की ते फुटतात. तुमची फुलं गेली ती वेळ चुकल्यामुळे. आणि झाड आतून उघडं पडलं ते काप चुकीच्या जागी घेतल्यावर आणखी वाढतं. या दोन गोष्टी नीट समजल्या की बाकी सगळं हाताला आपोआप सुचतं.

आधी वेळेचं पाहू. फुलं ओसरली की झाड थोडे दिवस थांबल्यासारखं दिसतं. मग शेंड्यांवरचे टोकदार डोळे लांबतात आणि सगळ्या झाडावर जवळपास एकाच वेळी नवी पालवी येते, पोपटी किंवा तांबूस, चकचकीत. काही आठवड्यांत त्या काड्या लांबतात, पानं जाड होतात आणि वाढ थांबते. वाढ थांबल्यावर याच नव्या काड्यांच्या टोकांवर आणि टोकाजवळच्या पानांच्या बगलेत पुढच्या हंगामाच्या फुलकळ्या धरायला लागतात. म्हणजे उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत झाडाने पुढच्या फुलांची सगळी तयारी करून ठेवलेली असते. त्या उमलायला मात्र अजून कितीतरी महिने असतात. तुम्ही उन्हाळ्याच्या अखेरीस वरून कापलंत तेव्हा पानांबरोबर त्या कळ्याही खाली पडल्या. बारीक असतात, लक्ष न देता पाहिलं तर पानाचा डोळाच वाटतो.

दोन्हींतला फरक ओळखायला शिका, कारण बागेत वर्षभर तो उपयोगी पडतो. फुलकळी गोल, पोटात फुगीर, हिरव्या खवल्यांनी गच्च झाकलेली. पानाचा डोळा बारीक, लांबट, भाल्याच्या टोकासारखा. बऱ्याचदा एकाच शेंड्यावर दोन-तीन फुलकळ्या आणि त्यांच्यामध्ये किंवा शेजारी एक बारीक डोळा असतो. तो बारीक डोळाच पुढच्या वर्षीची काडी.

तेव्हा मोठ्या छाटणीची वेळ एकच: फुलं संपत आल्यापासून नवी पालवी फुटेपर्यंत. मी महिन्याचं नाव मुद्दाम देत नाही. जातीप्रमाणे आणि हवेप्रमाणे हा काळ बराच मागेपुढे होतो, म्हणून पंचांगापेक्षा झाड पाहावं. जॅपोनिका हा मोठ्या पानांचा कॅमेलिया हिवाळ्याच्या उत्तरार्धात आणि वसंतात फुलतो. त्याला फुलं सरताच हात घालायचा. सासान्क्वा हा बारीक पानांचा कॅमेलिया शरदात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला फुलून मोकळा होतो, पण जिथे कडक थंडी पडते तिथे त्याची छाटणी थंडी सरेपर्यंत थांबवावी, नाहीतर कापलेल्या जागा गारठ्याने मागे सुकत जातात. उशिरा फुलणाऱ्या काही जॅपोनिकांची फुलं संपायच्या आतच पालवी हलायला लागते. अशा वेळी शेवटची आठ-दहा फुलं फुलदाणीत घेऊन छाटणी उरकावी. फुलांसाठी थांबलात तर नवी काडी कापावी लागते आणि तेवढी ताकद वाया जाते. तुमच्या झाडावर यंदा फुलं नाहीतच, त्यामुळे पालवी हलायच्या आधी केव्हाही सुरुवात करता येईल.

वाळलेली, मोडलेली, रोगट फांदी मात्र वर्षात कधीही काढावी. तिला मुहूर्त नसतो.

आता जागेचं. माझ्या मते कॅमेलियाच्या छाटणीचं निम्मं कौशल्य एका छोट्या खुणेत आहे. एखादी निरोगी काडी शेंड्याकडून हाताच्या बोटांनी मागे चाचपत या. सुरुवातीला साल गुळगुळीत आणि तपकिरी लागते. मग एका ठिकाणी साल किंचित जाड होते, बारीक वळ्यांसारख्या रेघा जवळजवळ आलेल्या दिसतात आणि त्याच्या मागे सालीचा रंग राखाडीकडे झुकतो. मागच्या वाढीचा डोळा ज्या खवल्यांत गुंडाळलेला होता ते खवले गळून पडल्याची ही खूण. गेल्या हंगामाची वाढ इथून सुरू झाली. खवल्यांच्या या जुन्या जागांपाशी अनेक सुप्त डोळे एकत्र दाटलेले असतात.

या खुणेच्या जरा वर, म्हणजे अर्धा सेंटिमीटरभर ठेवून काप घेतला तर तिथून सहसा एकदम तीन-चार फुटवे येतात. फांदी भरदार होते. तिथे न कापता काडीच्या मध्यात एखाद्या पानावर कापलं तर त्या पानाच्या बगलेतला एक, फार तर दोन डोळे फुटतात आणि वाढ त्या पानाच्या दिशेने जाते. दोन्ही काप बरोबर आहेत, कामं वेगळी. विरळ, लांबुळक्या झाडाला दाटपणा हवा असेल तर खुणेच्या वर कापा. झाड आधीच दाट आहे आणि फांदीची फक्त दिशा वळवायची आहे, तर बाहेरच्या अंगाला पाहणाऱ्या पानाच्या वर कापा. आणि विरळणी करायची असेल तर या दोन्ही जागा सोडून फांदी तिच्या उगमापाशी, मोठ्या फांदीला जिथे जोडलेली आहे तिथून काढा. तिथे सहसा काही फुटत नाही आणि उजेडाला वाट मिळते.

वरून सपाट कापताना या तिन्हींपैकी काहीच होत नाही. कात्री जिथे पडली तिथे काप. प्रत्येक टोकाला दोन-दोन फुटवे येतात, बाहेर पानांचं जाड कवच तयार होतं आणि आत अंधार पडतो. कॅमेलियाचं पान झाडावर साधारण दोन-तीन वर्षं राहतं. जुनी पानं वयाने गळतात, आतल्या अंधारात नवी येत नाहीत, आणि काही वर्षांत हाताच्या अंतरावर नुसत्या काटक्या उरतात. तुमच्या झाडाचं आतून उघडं पडणं हे असं, उजेडाच्या अभावाने झालेलं आहे. खत घालून ते भरून येणार नाही. मोठी कुंपणकात्री मी फक्त सासान्क्वाच्या कुंपणाला चालवू देईन, तीही फुलं संपल्या संपल्या एकदा. बारीक पानांचा, जलद फुटणारा सासान्क्वा ती सहन करतो. जॅपोनिकाची मोठी पानं अर्धवट कापली गेली की कडा तपकिरी पडतात आणि पुढची दोन वर्षं तशीच दिसत राहतात.

कामाचा क्रम असा ठेवा. सुरुवात आतून करा, बाहेरच्या आकाराकडे तोवर पाहूच नका. खोडाजवळ उभं राहून आधी सल काढा, म्हणजे वाळलेल्या काटक्या आणि फांद्या. शंका वाटली तर नखाने साल थोडी खरवडा. खाली हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं तर काढा. मग आतल्या अंधारात वाढलेल्या, दोन-चार मलूल पानांच्या बारीक काड्या. त्यांच्याकडून फूल येणार नसतं आणि खवलेकीड तिथेच दडते. नंतर एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांतली कमजोर फांदी, आणि बाहेरून पुन्हा खोडाकडे वळलेली फांदी. रोप कलमी असेल तर कलमाच्या जोडाखालून आलेले फुटवे तपासा. खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं रोप, बऱ्याचदा सासान्क्वाचा असतो आणि त्याची पानं वरच्या पानांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे ओळखू येतो. तो फुटवा जमिनीवर कापून भागत नाही, माती बाजूला करून मुळाशी काढावा लागतो. राहिला तर काही वर्षांत तोच झाड व्यापतो.

जमिनीला टेकणाऱ्या खालच्या फांद्या वीस-तीस सेंटिमीटर उंचीपर्यंत काढून टाका. याचं कारण फुलांवरच्या करप्याशी जोडलेलं आहे, ते पुढे सांगतो.

एवढं झालं की दूर जाऊन झाड सगळ्या बाजूंनी पाहा. कॅमेलिया वाढवणाऱ्यांत एक जुना दंडक आहे की छाटलेल्या झाडातून चिमणी पंख न अडखळता आरपार उडून जावी. मला तो फार आवडतो, कारण त्यात किती टक्के कापायचं हा हिशेब राहत नाही, उजेड आणि वारा आत गेला की नाही एवढंच पाहायचं असतं. तरीही आकडा हवाच असेल तर नेहमीच्या वर्षी पानांचा पाव ते एक तृतीयांश भाग, त्याहून जास्त नको. पुष्कळदा आतलं काम संपल्यावर लक्षात येतं की बाहेरून काही कापायची गरजच उरलेली नाही.

उंची कमी करायची असेल तर वर आलेली फांदी पकडा, ती आत कुठवर जाते ते बघा, आणि ज्या बाजूच्या फांदीवर तिला संपवायचं ती फांदी मुख्य फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची असेल असं पाहून तिच्या वर कापा. मग काप आत लपतो, रस त्या फांदीकडे वळतो आणि तिथे पानसोटांचा, म्हणजे सरळ वर धावणाऱ्या फुटव्यांचा झुपका उभा राहत नाही. तुमच्याकडे गेल्या वर्षीच्या सपाट कापाच्या खुंट्या असतील. त्यांतल्या ज्या वाळल्या असतील त्या खालच्या जिवंत फुटव्यापर्यंत आणून साफ करा.

कापाबद्दल एक गोष्ट. फांदी जिथे खोडातून निघते तिथे बुडाशी किंचित फुगवटा असतो. तो ठेवून, त्याच्या लगेच बाहेर कापावं. खोडाला सपाट घासून कापलं तर तो फुगवटाच निघून जातो, आणि लांब खुंटी ठेवली तर ती कुजत आत जाते. अमेरिकी वनसेवेत काम केलेले ॲलेक्स शायगो यांनी असंख्य खोडं उभी चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड जखमी लाकडाभोवती आतून भिंती उभारतं आणि तो भाग वेगळा करून पुढे वाढतं. त्या कामाला लागणारा जिवंत भाग फुगवट्यात असतो. म्हणूनच कापावर डांबर किंवा रंग फासायची गरज नाही. मनगटाएवढी फांदी काढताना आधी खालून थोडी चीर द्या, मग थोडं पुढे वरून कापून वजन उतरवा आणि शेवटी उरलेली खुंटी फुगवट्याबाहेर साफ करा, नाहीतर फांदी स्वतःच्या वजनाने खाली येताना खोडाची साल सोलून नेते.

हत्यारं मोजकीच लागतात. एक पातं दुसऱ्याच्या शेजारून सरकतं तसलं सिकेटर, म्हणजे छाटणीची हातकात्री, अंगठ्यापेक्षा जाड फांदीला लांब दांड्याचा लॉपर आणि त्याहून जाडीला छाटणीची करवत. सपाट पट्टीवर पातं आपटणारं सिकेटर कॅमेलियाच्या टणक लाकडाला चेचतं, ते नको. पातं धारदार ठेवा आणि दुसऱ्या झाडाकडे जाण्याआधी सत्तर टक्के अल्कोहोलने पुसा. काम झाल्यावर तेलाचा हात फिरवा. जपानमध्ये चाकू-कात्र्यांना गंज चढू नये म्हणून कॅमेलियाच्याच बियांचं तेल लावायची जुनी पद्धत आहे. आणखी एक: कॅमेलियाची अन्न घेणारी मुळं मातीच्या अगदी वरच्या थरात पसरलेली असतात. शिडी लावायची तर पायांखाली फळी टाका आणि माती ओली चिकट असताना झाडाखाली वावरू नका. वाफसा आल्यावर काम करा.

आता तुमच्या झाडाचा मुख्य प्रश्न, ते मुळातच फार मोठं झालं आहे त्याचं काय करायचं. जॅपोनिका हळू वाढतो म्हणून आपण त्याला झुडूप समजतो, पण वेळ मिळाला तर तो वृक्षच आहे. जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या पिल्निट्झ राजवाड्याच्या बागेत १८०१ मध्ये लावलेला कॅमेलिया आज जवळपास नऊ मीटर उंच आहे आणि हिवाळ्यात त्याच्यावर रुळांवरून सरकणारं काचघर आणावं लागतं. खिडकीखाली लावलेलं झाड खिडकीएवढंच राहावं अशी अपेक्षा असेल तर दरवर्षी थोडी छाटणी हे त्याचं कायमचं देणं आहे.

खोल छाटणीचे दोन रस्ते आहेत. पहिला, सगळं झाड एकदम पंचेचाळीस-साठ सेंटिमीटरवर आणणं. पाहायला भयंकर दिसतं, पण निरोगी मुळांचा जॅपोनिका, सासान्क्वा किंवा विल्यम्सी हा संकरित कॅमेलिया यातून उठतो. त्यानंतर दोन-तीन वर्षं फुलांची आशा ठेवायची नाही. दुसरा रस्ता तीन वर्षांचा: दरवर्षी सगळ्यांत जुन्या, सगळ्यांत उंच फांद्यांपैकी एक तृतीयांश खोल कापायच्या आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या. झाड पूर्ण कधीच उघडं पडत नाही आणि थोडी फुलंही मिळत राहतात.

तुम्हाला मी दुसरा रस्ता सुचवेन. झाड भिंतीला लागून आहे, त्यामुळे मागच्या बाजूला उजेड कमी. सगळं एकदम खाली आणलं तर पुढच्या बाजूचे फुटवे जोर करतील आणि मागची बाजू रिकामी राहील. शिवाय गेल्या वर्षीच त्याची पुष्कळ पानं गेली आहेत. यंदा भिंतीकडच्या आणि मधल्या उंच फांद्यांतून एक तृतीयांश निवडा आणि गुडघ्याच्या वर, जिथे बाजूला एखादी जिवंत काडी असेल तिथे कापा. बोटाएवढ्या किंवा त्याहून जाड फांदीला पान नसलं तरी ती फुटते. पेन्सिलीपेक्षा बारीक, वर्षानुवर्षं अंधारात राहिलेल्या उघड्या काटकीकडून मात्र अपेक्षा ठेवू नका, ती उगमापासून काढा. पुढच्या वर्षी, पहिल्या फांद्यांवर हातभर नवी वाढ आलेली दिसली तरच पुढचा हप्ता. ती आली नसेल तर एक वर्ष थांबा.

कधी ही छाटणी करूच नये तेही सांगितलं पाहिजे. पानं पिवळट, लहान, झाड दुपारी मलूल, पाणी असूनही शेंडे सुकताहेत, अशी लक्षणं असतील तर बिघाड मुळांत आहे. पाणी साचणाऱ्या मातीत फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे मुळं कुजतात आणि अशा झाडाला खोल कापणं म्हणजे त्याचं उरलंसुरलं बळ काढून घेणं. आधी निचरा सुधारा. दुसरा अपवाद रेटिक्युलाटा. ही मोठ्या फुलांची, उंच आणि मोकळ्या ठेवणीची जात आहे. खोल छाटणी तिला मानवत नाही, सल काढण्यावर आणि एखादी वेडीवाकडी फांदी आवरण्यावरच थांबावं.

उंची कमी न करता खिडकी मोकळी करायचाही एक मार्ग आहे, आणि जागा असेल तर मला तोच जास्त देखणा वाटतो. खालच्या फांद्या दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने काढून झुडपाचं लहान झाड करायचं. दोन-तीन चांगली खोडं ठेवायची, माथा वर न्यायचा. जुन्या जॅपोनिकाचं राखाडी गुळगुळीत खोड फार सुंदर असतं आणि झुडपाच्या ठेवणीत ते कधी दिसतच नाही.

खोल छाटणीनंतर तीन गोष्टी सांभाळा. आजवर पानांच्या सावलीत असलेली साल अचानक कडक उन्हात आली की भाजते, उभी चिरते. दुपारचं ऊन लागणाऱ्या फांद्यांना भिंतीला देतात तो पाण्यात मिसळणारा पांढरा रंग निम्मं पाणी घालून पातळ करून लावा. हा सालीच्या संरक्षणासाठी आहे, कापाच्या तोंडासाठी नव्हे. दुसरं, पाणी. पानं कमी झाली की झाडाची तहानही कमी होते, पण हात सवयीने तेवढंच पाणी घालत राहतो आणि नेमकी या काळात मुळं कुजतात. बोट घालून माती पाहा, वरचा थर कोरडा वाटला की मगच पाणी द्या. तिसरं, खत. कापल्याबरोबर खताचा भडिमार नको. पालवी दिसायला लागल्यावर आम्ल माती आवडणाऱ्या झाडांचं खत नेहमीच्या निम्म्या मात्रेत पुरे. पालापाचोळ्याचं पाच-सात सेंटिमीटर आच्छादन घाला, खोडापासून वीतभर लांब ठेवा.

मग फुटवे येतील, पुष्कळ येतील. एका कापापाशी सात-आठही येतात. ते वीतभर झाले की बाहेर झुकणारे, एकमेकांपासून अंतर असलेले तीन-चार ठेवा आणि बाकीचे कोवळे असतानाच हाताने मोडून काढा. हे राहून गेलं तर पुन्हा तोच झुपका आणि तोच अंधार. ठेवलेल्यांतला एखादा फार उंच धावत असेल तर त्याचा शेंडा कोवळा असताना खुडा, पण पालवीची वाढ थांबायच्या आत. एकदा पानं जाड झाली की त्या वर्षापुरती कात्री ठेवून द्या, कारण तिथून पुढे कळ्या धरण्याचा काळ सुरू होतो. त्या काळात माती कोरडी पडली तर धरलेल्या कळ्याही पुढे गळतात, आणि दोष बिचाऱ्या छाटणीवर जातो.

रोगांचं छाटणीशी असलेलं नातं थोडक्यात. वाढीच्या काळात एखादी कोवळी फांदी अचानक मान टाकते, पानं तपकिरी होऊन तशीच लटकून राहतात, तेव्हा ती बुरशीची मर असते. गळलेल्या पानाच्या ताज्या व्रणातून किंवा जखमेतून ती आत शिरते. मेलेल्या भागाच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली कापा आणि कापाचं तोंड पाहा. त्यात तपकिरी डाग असेल तर आणखी खाली या, लाकूड स्वच्छ दिसेपर्यंत. प्रत्येक कापानंतर पातं पुसायचं आणि हे काम कोरड्या हवेतच करायचं. वसंतात पानं जाड, मांसल, फुगलेली दिसली तर तो पानांचा फुगा रोग. खालची बाजू पांढरी पडून बुरशीचे बीजाणू उडायच्या आधी ती पानं तोडून बागेबाहेर टाका. फुलांवरचा करपा मात्र फक्त पाकळ्यांना लागतो. सायबोरिनिया नावाची ही बुरशी पडलेल्या फुलांतून मातीत काळ्या कठीण गाठी करून राहते आणि काही वर्षांनंतरही त्यांतून पुन्हा उठते. तिच्यावर घरच्या बागेत खरा उपाय एकच, पडलेलं प्रत्येक फूल उचलणं. खालच्या फांद्या काढायला सांगितल्या त्या यासाठी, की हात आणि झाडू खोडापर्यंत पोचावा.

तुमचं झाड पुन्हा कळ्यांनी भरेल तेव्हा आणखी एक काम करता येईल, हवं असेल तर. एका शेंड्यावर तीन कळ्या असतील तर कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्यावर एक ठेवून बाकीच्या हलकेच पिळून काढायच्या. मधला टोकदार डोळा दुखवायचा नाही. राहिलेलं फूल मोठं आणि नीट उमललेलं येतं. मोठ्या, गच्च पाकळ्यांच्या जातींत याचा फरक स्पष्ट दिसतो; साध्या पाच-सहा पाकळ्यांच्या फुलांना मी ही तसदी देत नाही, तिथे संख्येतच शोभा आहे.

फुलं असतानाच झाड नीट निरखा. कधीकधी एकाच फांदीवर वेगळ्याच रंगाचं किंवा कडांना वेगळी छटा असलेलं फूल येतं. कॅमेलियाच्या कितीतरी जाती अशा बदललेल्या फांदीपासूनच जन्मल्या आहेत; 'बेटी शेफील्ड' या एकट्या जातीवर अशा अनेक निघाल्या. अशी फांदी दिसली तर तिला तेव्हाच सुतळी बांधा, छाटणीच्या वेळी फुलं नसतात आणि सगळ्या फांद्या सारख्याच दिसतात. उलट, पट्टेदार फुलांसाठी लावलेल्या झाडावर एखादी फांदी एकरंगी फुलं देऊ लागली तर ती उगमापासून काढावी, ती जोरकस असते आणि बाकीच्यांना मागे टाकते.

शेवटी, पुढच्या वर्षी ज्या फांद्या कापायच्या ठरवल्या आहेत त्यांतल्या दोन-तीन सरळ, निरोगी फांद्यांवर यंदाच पालवीच्या सुमाराला गुटी कलम बांधा. पेन्सिल ते अंगठ्याएवढ्या जाडीच्या जागी दोन-तीन सेंटिमीटर रुंद सालीचं कडं काढा, खालचा ओलसर हिरवट थर खरवडून टाका, मूळ फुटण्याची पावडर लावा, भिजवून पिळलेलं शेवाळ गुंडाळा आणि प्लास्टिकने दोन्ही टोकं घट्ट बांधून वरून उन्हापासून झाका. वाढीचा हंगाम संपेपर्यंत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागतात. मुळं तपकिरी होऊन भरगच्च झाली की गुटीच्या खाली कापून कुंडीत लावा, निम्मी पानं कमी करा, असलेल्या फुलकळ्या सगळ्या काढा आणि पहिलं वर्ष सावलीत ठेवा. झाडावर उरलेली खुंटी मग छाटणीच्या वेळी हव्या त्या जागी नेऊन साफ कापता येते.